लाइनिंग कोण खाऊन राह्यलं : इंडक्शन भट्टीच्या प्रोजेक्टच्या नोंदी

२२ नोव्हेंबर

विषय एकदाचा पक्का झाला. भट्टीच्या आतलं सिलिकाचं अस्तर म्हणजे लाइनिंग, ती स्लॅगनं, म्हणजे वितळलेल्या मालावर तरंगणाऱ्या मळानं, कशी झिजते ते पाहायचं. युनिट आमच्या पारशिवनीहून बसनं तासाभरावर, भंगार अन स्पंज आयर्न वितळवून इंगट (स्टीलचे ओतीव ठोकळे) पाडणारं, दोन इंडक्शन भट्ट्या (भोवतीच्या कॉइलमधल्या विजेनं तापणाऱ्या), मामाजी तिथं मेल्टर आहेत म्हणून आत शिरायला मिळालं, नाहीतर गेटवरूनच वापस पाठवलं असतं.

आज फक्त विचारपूस. लाइनिंग कायनं जाते म्हणून ज्याला विचारलं तो म्हणतो गर्मीनं जळते. सुपरवायझर तेच, पॅनलवाला (भट्टीची वीज सांभाळणारा) तेच. आता सिलिका म्हणजे आधीच ऑक्साइड, तिच्यात आणखी जळायला उरलंय काय. अन ती वितळते १७०० अंशांच्या वर, माल (वितळलेलं स्टील) टॅपिंगला, म्हणजे ओतून काढताना, असतो १६००-१६५० च्या आसपास, म्हणजे नुसत्या तापमानाचा हिशेब धरला तर लाइनिंग निवांत टिकायला पाहिजे. ती टिकत नाही, आणि मुख्य म्हणजे सगळीकडून सारखी जात नाही. वर जिथं स्लॅग तरंगतो तिथं गोल पट्टा खोल जातो, खाली तळाच्या कोपऱ्याजवळ भिंत पातळ होते, मधली भिंत चांगली असते तरी या दोन जागांपायी सगळी फोडावी लागते. गर्मी तर मधेही तेवढीच आहे ना. इथूनच सुरू करतो.

२९ नोव्हेंबर

आज एका भट्टीची जुनी लाइनिंग फोडली, पूर्ण वेळ उभा होतो. सिलिकाची बारीक धूळ फार वाईट, सिलिकोसिस याच धुळीनं होतो, अन फोडणाऱ्यांपैकी अर्ध्यांच्या तोंडाला नुसता दुपट्टा. कॉलेजच्या सरांना सांगून रिपोर्टात घालणार आहे.

तुटलेल्या तुकड्यात तीन थर साफ दिसतात. आतला, मालाला लागून असलेला, काळा, काचेगत चमकणारा, हातोडीनं टणटण वाजतो. मधला अर्धवट जुळलेला, बोटानं कण सुटतात. बाहेरचा कॉइलकडचा थर अजून भुकटीच. मला वाटत होतं भुकटी राहिली म्हणजे भाजणी कमी झाली, तर मिस्त्री म्हणाला ती मुद्दाम ठेवतात. आतल्या थराला तडा गेला तर माल त्या सैल भुकटीत शिरून थिजतो आणि कॉइलपर्यंत पोचत नाही. कॉइलमधून पाणी फिरतं, गरम माल तिथं पोचला तर स्फोटच.

नवीन भरताना पाहिलं. रॅमिंग मास म्हणजे वेगवेगळ्या जाडीचा क्वार्ट्झ, ९८ टक्क्यांच्या वर सिलिका, त्यात साधारण एक टक्का बोरिक अॅसिड. बोरिक जास्त झालं तर भाजणी लवकर होते पण लाइनिंग नरम पडते, कमी झालं तर थर जुळतच नाही. मग लोखंडी फर्मा मधे उभा करून भोवती थरथरानं ठोकायचं, पहिल्या हीटला (एकदा भरून वितळवलेला घाणा म्हणजे एक हीट) फर्मा आतच वितळून जातो. तापवायची घाई चालत नाही कारण ५७३ अंशाला क्वार्ट्झ रूप बदलतो अन एकदम फुगतो. मिस्त्री आकडे सांगत नाही, पण तेवढ्या टप्प्याला तो पॅनलवाल्याला ओरडून थांबवतो, किती वेळ ते त्यालाच माहीत.

११ डिसेंबर

स्लॅगचे नमुने गोळा करून राह्यलो. एकाच हीटमधे तीन वेळा काढायचे ठरवलंय, स्पंज टाकल्यावर लगेच, मधे एकदा, अन टॅपिंगच्या आधी. लांब लोखंडी सळईनं बुडवून काढतो, मामाजी सळई आधी भट्टीच्या तोंडाशी धरून कोरडी करायला लावतात, ओली सळई आत गेली तर माल उडते.

पहिला नमुना काळाकुट्ट, जड, पातळ. सळईवरून पाण्यावाणी घसरला. शेवटचा करडा-हिरवट, काचेसारखा, ओढला तर तार निघते. दोन्हीच्या मधे घडलं काय तर लोह ऑक्साइड कमी झालं आणि सिलिका वाढली. लोह ऑक्साइड स्पंजमधून येतं, स्पंज म्हणजे कोळशानं खनिजातला ऑक्सिजन काढून बनवलेलं लोखंड पण तो पूर्ण निघत नाही, दहा टक्क्यांच्या आसपास लोखंड ऑक्साइडच राहून जातं. गंजकं टर्निंग-बोरिंग (लेथवरचा लोखंडी कीस) टाकलं की आणखी भर.

सिलिका कुठून आली हा खरा प्रश्न. स्पंजमधेही माती असते, भंगारालाही माती चिकटलेली असते, मग लाइनिंगचा वाटा किती हे कसं ओळखायचं. यावर सरांनी मस्त आयडिया दिली. स्पंजच्या मातीत सिलिकाबरोबर अॅल्युमिना पण येतो, लाइनिंगमधे अॅल्युमिना जवळपास नाहीच. म्हणजे स्लॅगमधे सिलिकाचं अॅल्युमिनाशी प्रमाण हीट पुढे जाता जाता वाढत गेलं तर ती जास्तीची सिलिका भिंतीतून आली. भंगारातलं सिलिकॉन जळून थोडी सिलिका होते ते वजा करायचं, अन अॅल्युमिनियम टाकायच्या आधीच नमुना घ्यायचा, ते लॅडलमधेच (माल ओतून घ्यायच्या बादलीत) टाकतात म्हणून अडचण नाही. भुकटी करून एक्सआरएफला (क्ष-किरणांनी घटक मोजायची चाचणी) दिले.

२० डिसेंबर

एक्सआरएफ आला. प्रमाण वाढतंय, तेही सुरुवातीला झपकन अन नंतर हळू. म्हणजे स्पंज पडल्यानंतरच्या काळातच भिंत जास्त जाते, जेव्हा माल अजून टॅपिंगच्या तापमानाला पोचलेलाही नसतो. गर्मीवाल्यांना हे दाखवणार आहे.

कारण पुस्तकात सरळ आहे. लोह ऑक्साइड अन सिलिका भेटले की फायलाइट (दोघांचं संयुग) होतो, तो १२०५ अंशाला वितळतो, अन त्याच्या शेजारच्या मिश्रणांमधे तर १२०० च्याही खाली द्रव तयार होतो. म्हणजे १७०० च्या वर टिकणारी भिंत या ऑक्साइडच्या हाती लागली की शेकडो अंश आधीच पाणी होते. मँगनीज ऑक्साइडचंही असंच, चुन्याचंही. म्हणून सिलिकाच्या भट्टीत चुना टाकायला मेल्टर लोक घाबरतात ते बरोबरच आहे.

पण ही झीज कायम एकाच वेगानं होत नाही. चहात आधीच भरपूर साखर विरघळलेली असेल तर नवा चमचा तळाशीच राहतो, तसं स्लॅगचं पोट सिलिकानं भरलं की तो भिंतीला हात लावत नाही. उपाशी स्लॅगच भिंत खातो. अन प्रत्येक वेळी नवीन स्पंज टाकला की स्लॅग परत उपाशी. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टचा गाभा एवढाच आहे, बाकी मोजमाप.

३ जानेवारी

सुट्टी होती, धानाची मळणी आटोपली, दोस्ताच्या गाडीवर नायकुंडला गेलो. आपल्याच तालुक्यात, पेंच नदीच्या काठी, अन मी आजवर नुसता बाजूनं गेलो होतो. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथं डेक्कन कॉलेजचे शां. भा. देव आणि राज्य पुरातत्त्व खात्याचे अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं, महापाषाण काळातली दगडांची वर्तुळं अन त्या वस्तीत लोखंड गाळायची भट्टी निघाली, इसवीसनपूर्व ७०० च्या सुमाराची मानतात. भट्टी मातीच्या वळणदार विटांची, हवा फुंकायला मातीच्या नळ्या, अन आजूबाजूला स्लॅग.

जुन्या पद्धतीच्या भट्टीत लोखंड वितळतच नव्हतं, मऊ गोळा व्हायचा अन मळ वाहून जायचा, अन तो वाहणारा मळ म्हणजे बहुतेक फायलाइटच. त्या लोकांना तो पाहिजेच होता, कारण १२०० च्या आसपास वितळणारा मळ मिळाला नाही तर गोळा साफच होणार नाही. खनिजातली सिलिका थोडी पडली तर मातीच्या भिंतीतून घ्यायची, भिंत काय उद्या परत लिंपता येते. आमच्या युनिटमधे तीच रिअॅक्शन नको आहे. वर्तुळांमधे फिरताना दोस्त विचारून राह्यला इथं पाहण्यासारखं काय आहे बे, मी त्याला फायलाइट समजावला, तो गाडीकडे निघून गेला. खाली पडलेलं काही उचललं नाही, संरक्षित जागा आहे.

१९ जानेवारी

कप टेस्टची तयारी. मटेरियलचा छोटा ठोकळा, मधे खड्डा, खड्ड्यात स्लॅगची भुकटी, भट्टीत तापवून ठेवायचं, थंड झाल्यावर मधोमध कापून पाहायचं स्लॅग किती खाऊन गेला अन किती आत झिरपला. तीन प्रकार घेतले: युनिटच्याच रॅमिंग मासचा भाजलेला कप, हाय अॅल्युमिना वीट, अन मॅग्नेशियाची (मॅग्नेशियम ऑक्साइडची) वीट. मॅगकार्बन (मॅग्नेशिया अन ग्राफाइटची वीट) पण घ्यायची होती पण तिच्यातलं ग्राफाइट सांभाळायचं तर सगळी मांडणीच वेगळी करावी लागते, सोडून दिलं.

एक भानगड आहे. हवेत तापवलं तर लोह ऑक्साइड आणखी ऑक्सिजन घेऊन पुढच्या रूपात जातं, मग स्लॅग भट्टीतल्यासारखा राहतच नाही. कोळशाची भुकटी भोवती ठेवली तर उलट होतं, ऑक्साइडचं लोखंड बनून जातं. म्हणून ट्यूब फर्नेस (नळीची बंद भट्टी), आर्गन (कशाशी रिअॅक्शन न करणारा वायू), आणि प्रत्येक कपात शुद्ध लोखंडाचा एक तुकडा, म्हणजे ऑक्साइड आहे त्याच रूपात राहील. तापमान १५०० कारण लोखंड १५३८ ला वितळतं, तुकडा घट्टच राहायला पाहिजे. आर्गनच्या सिलिंडरसाठी अर्ज केला, सही बाकी.

८ फेब्रुवारी

कप कापले. हिऱ्याच्या पात्याची कटिंग मशीन अख्ख्या डिपार्टमेंटला एकच, एमटेकवाल्यांची रांग, पण झालं.

सिलिकाचा कप: खड्ड्याची भिंत सरळ राहिलीच नाही, पोट निघाल्यासारखी आत वळली, तळाचे कोपरे गोल. पण स्लॅग अन भिंत यांच्या मधली रेघ एकदम साफ, आत झिरपणं फार थोडं. म्हणजे इथं मामला निव्वळ विरघळण्याचा, भिंत थराथरानं स्लॅगमधे जाते, मागची भिंत चांगलीच राहते.

मॅग्नेशिया एकदम उलट. खड्ड्याचा आकार जवळपास जसाच्या तसा, पण वीट खड्ड्याच्या भोवती तपकिरी झालेली, दूरपर्यंत. लोह ऑक्साइड मॅग्नेशियाच्या कणांमधेच सामावून जातं, दोघं कितीही प्रमाणात एकमेकात मिसळतात अन वितळायचं तापमान बऱ्यापैकी वर राहतं, आणि पातळ स्लॅग छिद्रांमधून चालत जातो. आकार शाबूत दिसतो म्हणून खुश व्हायचं नाही, कारण हा झिरपलेला थर गरम-थंड होताना मागच्या विटेपेक्षा वेगळा फुगतो अन एक दिवस अख्खी खपली निघून पडते. विरघळण्यात रोज थोडं थोडं जातं, खपलीत काही दिवस काहीच नाही अन मग एकदम. मोजणाऱ्याला दुसरं जास्त फसवतं.

अॅल्युमिना मधे कुठंतरी, थोडं विरघळणं थोडं झिरपणं. जास्त लिहीत नाही, युनिटमधे ती वापरतही नाहीत.

सगळ्यात भारी गोष्ट सिलिकाच्या कपाच्या वरच्या काठाला. स्लॅगची पातळी जिथं होती बरोबर तिथं खाच पडलीये, खालच्या भिंतीपेक्षा खोल. भट्टीतला पट्टा इथं लहान रूपात, अन कपात तर ढवळणं बिलकुल नव्हतं, कॉइल नाही, कोणी सळई घातली नाही. सरांनी जपानच्या कुसुहिरो मुकाई यांचं काम वाचायला दिलं. स्लॅगचा पातळ पापुद्रा भिंतीवर चढतो, भिंतीतली सिलिका त्यात विरघळली की त्या जागेचा पृष्ठताण बदलतो, ताण कमीजास्त झाला की पापुद्रा आपोआप सरकत राहतो, जुना भरलेला स्लॅग निघून जातो अन नवा उपाशी येतो. वर बाहेरची हलवाहलव नसतानाही तिथं ढवळणं चालूच राहतं. म्हणजे वरचा पट्टा जाड लाइनिंग करून वाचणार नाही.

१० फेब्रुवारी

कप टेस्टची मर्यादा लिहून ठेवतो, व्हायवात विचारतीलच. कपातला स्लॅग थोडा, एकदा सिलिकानं भरला की खाणं थांबतं. भट्टीत दर हीटला नवीन ऑक्साइड. म्हणून कपातली झीज भट्टीच्या झीजेपेक्षा कमीच दिसणार, आकडा तसाच उचलून लावायचा नाही, फक्त कोणतं मटेरियल कसं वागतं ते बघायचं.

२६ फेब्रुवारी

मामाजींना कापलेले कप दाखवले, डबा खायच्या सुट्टीत, सगळेच जमले. मामाजी मॅग्नेशियाचा कप उलटापालटा करून म्हणतात, "ह्याले तं काहीच झालं नाही बे, मंग मालक हेच काऊन नाही लावत?"

चांगला प्रश्न आहे. पैसा हे एक. दुसरं, मॅग्नेशिया तापल्यावर सिलिकापेक्षा खूप फुगते, इंडक्शन भट्टीची भिंत पातळ, रात्री बंद सकाळी चालू असं केलं की तडे, अन तड्यातून माल सरळ कॉइलकडे. आर्क भट्टीत, लॅडलमधे ती चालते कारण तिथं मागं जाड विटा असतात अन कॉइल नसते. तिथं स्लॅगमधे भाजलेला डोलोमाइट टाकून तो आधीच मॅग्नेशियानं भरून ठेवतात, परत तोच उपाशी स्लॅगचा हिशेब. डोलोमाइट तर आपल्या वणीकडं निघतोच.

मग फॉस्फरस निघाला विषयातून. सिलिकाच्या भट्टीत चुना टाकता येत नाही म्हणून फॉस्फरस काढता येत नाही, जेवढा भंगारात अन स्पंजमधे आला तेवढा इंगटमधे. ही अडचण इंग्लंडच्या हेन्री बेसेमरपासूनची. त्यांनी १८५६ मधे हवा फुंकून स्टील बनवलं पण अस्तर सिलिकाचं, फॉस्फरसवालं खनिज घेतलं की स्टील ठिसूळ. सिडनी गिलक्रिस्ट थॉमस म्हणून लंडनच्या पोलीस कोर्टातला कारकून, रात्री रसायनशास्त्र शिकायचा, त्याचा चुलतभाऊ पर्सी गिलक्रिस्ट वेल्समधे ब्लेनावनच्या कारखान्यात केमिस्ट, दोघांनी डोलोमाइटचं अस्तर जमवलं आणि १८७९ मधे मिडल्सब्रोला ते चालतं हे दाखवलं. अस्तर बदललं म्हणून चुना टाकता आला, चुना टाकता आला म्हणून फॉस्फरस स्लॅगमधे गेला, अन तो स्लॅग दळून युरोपभर शेतात खत म्हणून विकला गेला. हे ऐकून एक जण म्हणाला, "म्हणजे स्लॅगचं डीएपी?" नत्र नसते त्यात, पण फॉस्फरस हाव. पुढची वीस मिनिटं डीएपीच्या भावावरच गेली.

१५ मार्च

युनिटमधे करता येण्यासारखं काय ते मामाजींबरोबर बसून ठरवलं, मालकालाही पटलं कारण यात खर्च नाही. स्पंज टाकायच्या आधी मालात कार्बन पुरेसा ठेवायचा, म्हणजे लोह ऑक्साइड भिंतीकडं जायच्या आधी कार्बननं त्याचं लोखंड करून टाकावं, वायू निघतो अन मालाला उकळी दिसते, मामाजी उकळी पाहूनच सांगतात कार्बन आहे की संपला. स्पंज एकदम ढीगभर ओतायचा नाही, सारखा थोडा थोडा, वितळलेल्या मालात. गंजकं बोरिंग सुरुवातीला नाही. फेरोमँगनीज शेवटी. अन माल तयार झाल्यावर लॅडल यायची वाट पाहत उगाच तापवत बसायचं नाही, तिथं कार्बन स्वतःच भिंतीतल्या सिलिकाला हात घालतो, तापमान फार चढलं की रिअॅक्शन उलटी फिरते अन स्टीलमधे सिलिकॉन वाढतो.

मी स्लॅगवर क्वार्ट्झची रेती टाकायचं सुचवलं होतं, त्याचं पोट आधीच भरायला. मामाजींनी साफ नाही म्हटलं, "स्लॅग वाढली का वीज वाढली, अन काढाले माणूस कोण देते?" बरोबर आहे त्यांचं, स्लॅग वितळवायलाही विजेची युनिटंच लागतात.

पॅनलवाल्याकडून एक चीज शिकलो जी कुठल्या पुस्तकात आधी वाचली नव्हती. लाइनिंग पातळ झाली की माल कॉइलच्या जवळ येतो, इंडक्टन्स कमी होतो, तेवढ्याच मालाला फ्रिक्वेन्सी वर चढते. तो रोज वहीत लिहितो, अन त्यावरून सांगतो ही भट्टी आता किती दिवसाची सोबती. भिंतीवर स्लॅग चिकटून थर साचला तर उलट, फ्रिक्वेन्सी खाली. त्याची वही मागितली, झेरॉक्स काढून वापस दिली.

६ एप्रिल

नवीन पद्धतीवर चाललेली लाइनिंग आज थंड असताना आतून मोजली, लाकडी टेम्प्लेट अन पट्टी, वरपासून खालपर्यंत. ऊन असं की शेडच्या पत्र्याखाली भट्टी बंद असूनही उभं राहवत नव्हतं.

वरचा पट्टा आधीच्या लाइनिंगपेक्षा उथळ, तेवढ्याच हीटनंतर, फरक पट्टीवर मिलिमीटरमधे साफ दिसतो. पॅनलच्या वहीत फ्रिक्वेन्सीची रेघही आधीपेक्षा हळू चढतेय. स्लॅगच्या शेवटच्या नमुन्यांत सिलिका-अॅल्युमिनाचं प्रमाण पण कमी वाढलंय. तीन वेगळ्या मापांनी एकच बोललं म्हणून लिहायला हरकत नाही.

खालचा कोपरा मात्र जवळपास तसाच. तिथं स्लॅग नसतो, माल घासतो. पॉवर वाढवली की मालाचं फिरणं वाढतं, फ्रिक्वेन्सी कमी असेल तर आणखी, अन कोपऱ्यात वरून पडलेला जड भंगार आदळतो तो वेगळा. स्लॅगवर केलेल्या उपायानं तो भाग सुधारायचं कारणच नाही, अन सुधारला असता तर मलाच शंका आली असती.

२१ एप्रिल

रिपोर्टचा मसुदा सरांकडे. त्यांनी दोनच खुणा केल्या: लाइनिंग दर हीटला किती जाते याचा सरासरी आकडा काढून टाक, कारण सुरुवातीच्या हीट अन शेवटच्या हीट यांची झीज सारखी नसते, त्याऐवजी आलेख दे. अन मास्कचा परिच्छेद पुढे घे, परिशिष्टात नको.

मामाजींचा फोन होता, पुढची लाइनिंग भरताना तळाच्या कोपऱ्याला फर्म्याचा आकार थोडा तिरपा करून पाहू म्हणतात, काटकोन नको. मिस्त्रीला फर्मा बनवायला चार दिवस लागतील, तोवर मी जुन्या तळाचे तुकडे कापून घेतो.